चार नंबरच्या पट्ट्याचं कुलूप

फोन वाजला तेव्हा आत्या बाबांच्या ताटात मटार वाढत होती, आणि असं काही या जन्मी बघायला मिळेल अशी घरातल्या कोणाचीच अपेक्षा नव्हती.

बढतीच्या भानगडीनंतर दोघं भावंडं एका टेबलाशी बसण्याची ही पहिलीच वेळ. आत्या कंट्रोल रूमची प्रमुख झाली, त्या दिवशी बाबा कँटीनमध्ये भर घोळक्यात बोलून गेले होते, की बटणं दाबायला काय मोठी अक्कल लागते. ते आत्याच्या कानावर जायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. तेव्हापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी ही सख्खी बहीण घरी आली नव्हती, आणि प्लँटमध्ये समोर आली तर बाबा वरच्या पाइपांकडे बघत निघून जायचे. शेवटी फोरमनने फर्मान काढलं: रविवारी सकाळची पाळी संपली की सगळ्यांनी इथे जेवायला यायचं, सबबी ऐकून घेतल्या जाणार नाहीत.

फोरमन म्हणजे आजोबा. वीज तयार करणाऱ्या त्या प्लँटमधून ते निवृत्त झाले त्याला जमाना झाला, पण त्यांना फोरमन म्हणायचं प्लँटने सोडलं नव्हतं, घराने सोडलं नव्हतं आणि त्यांनी स्वतः तर मुळीच नाही.

"उचल तो," फोरमन म्हणाले. "आणि सगळ्यांना ऐकू येऊ दे. जेवताना चोरून बोलणं मला खपत नाही."

बाबांनी फोन स्पीकरवर टाकून मिठाच्या डबीला टेकवला. बाबा प्लँटमध्ये मेंटेनन्सचे प्रमुख, आणि पलीकडे दुपारच्या पाळीचा सुपरवायझर होता. लोक त्याला टेन्शन म्हणायचे, आणि का म्हणायचे ते त्याच्या पहिल्या श्वासातच कळायचं.

"साहेब, कोळशाचा चार नंबरचा पट्टा सुरू होत नाहीये."

"का?"

"स्विचला कुलूप आहे. लाल. आमच्या पाळीतल्या एकेकाला विचारलं. कोणाचंच नाही."

"टॅग असेल ना त्याला? वाच."

"वाचला साहेब. तुमचं आडनाव आहे."

"माझं?"

"तुमचं म्हणजे... मॅडमचंही तेच. घरात सगळ्यांचं एकच की हो! नुसतं आडनाव लिहिलंय. साहेब, बंकरमध्ये कोळसा आहे तो संध्याकाळपर्यंत जाईल. मग बॉयलर बसेल. मग मी बसेन. मोठे साहेब विचारतायत, कटरने कापू का?"

"हात तर लावून बघ!" फोरमन असे गरजले, की आतोबांच्या काट्यावरचा बटाटा पाण्याच्या पेल्यात पडला.

आता हे कुलूप म्हणजे काय, हे या घरात तान्ह्या मुलालाही ठाऊक. यंत्रावर काम करायचं असेल, तर आधी त्याच्या स्विचला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. ज्याने घातलं त्यानेच काढायचं. तो घरी गेला तर त्याला घरून आणायचं, पण दुसऱ्याने ते उघडायचं नाही, मोठ्या साहेबांनीही नाही. फोरमनने आपल्या काळात हा नियम प्लँटमध्ये बोंब मारून मारून रुजवला होता, आणि मग घरीही आणला होता. एकदा फ्रीज पुसायला काढला म्हणून त्यांनी प्लगला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवून मित्राकडे पत्ते खेळायला गेले. दूध नासलं, आइस्क्रीमचं सरबत झालं, पण कोणाची छाती झाली नाही.

आडनावाची खोडही त्यांचीच. वस्तूवर फक्त आडनाव घालायचं, नाव कशाला, आपण काय परके आहोत? त्यामुळे छत्र्या, डबे, पाने, रेनकोट, सगळ्यांवर एकच आडनाव आणि रोज सकाळी दाराशी मारामारी. आत्याने तर लग्नानंतरही हेल्मेटवरचं आडनाव बदललं नाही, कारण प्लँटकडून नवं हेल्मेट मिळेपर्यंत माणूस निवृत्त होतो.

आणि बबडीने, म्हणजे फोरमनच्या एकुलत्या नातीने, इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी मिळालेल्या नव्या कोऱ्या कुलपाच्या टॅगवर सवयीने तेच आडनाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

तिचा हात हळूच जीन्सच्या खिशात गेला. किल्ली तिथेच होती.

तिला प्लँटमध्ये घेतलं तेव्हाच सेफ्टीच्या साहेबांनी तिला समोर उभं करून बजावलं होतं. गळ्यात कायम शिट्टी असलेला आणि जन्मात कधी न हसलेला माणूस तो. "वडील इथे, आत्या इथे, म्हणून लाड होणार नाहीत. एक चूक, आणि तू घरी." आठवडाभराचंच काम उरलं होतं. आता घरी पाठवलं तर प्रशिक्षण अपुरं, आणि प्रशिक्षण अपुरं तर कॉलेजचं अख्खं वर्ष पाण्यात.

"हे काम चिंगीचं," बाबा फोन बंद करत म्हणाले.

"माझं?" आत्याने मटारचा डाव बाबांच्या दिशेने रोखला. "दादा, मी कंट्रोल रूममध्ये बसते. मला तर नुसती बटणं दाबता येतात ना? कुलूप लावायला अक्कल लागते!"

"मी असं म्हणालोच नव्हतो."

"कँटीनच्या आचाऱ्याने ऐकलंय."

"तो बहिरा आहे!"

"म्हणूनच विचार कर, तू केवढ्याने बोलला असशील!"

"मुद्द्यावर या," फोरमन म्हणाले. "कुलूप घालून घरी येऊन ताटावर बसणारा माणूस माझ्या हाताखाली असता, तर मी त्याला गेटबाहेर काढून वर त्याच्या बापाला बोलावलं असतं."

"बाप तुम्हीच आहात, अप्पा," आई शांतपणे म्हणाली.

इथे आतोबांना वाटलं, आपण काही मदत करावी. आतोबा दातांचे डॉक्टर. स्वभावाने गरीब, पण जगातली प्रत्येक अडचण त्यांना एकाच उपायाने सुटण्यासारखी वाटायची. "कापून काढायचं सरळ," ते म्हणाले. "अडकलंय ना? उपटायचं. दोन मिनिटं दुखतं."

"डॉक्टर!" बाबा ओरडले.

"अहो!" आत्या ओरडली.

"जावईबापू," फोरमन म्हणाले, "तुम्ही बटाटा खा."

कित्येक महिन्यांत भावंडांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. आतोबांनी पेल्यातला बटाटा चमच्याने काढला आणि निमूटपणे खाल्ला. एकमत मात्र तेवढ्यावरच संपलं.

"माझं कुलूप माझ्या लॉकरमध्ये आहे," बाबा म्हणाले. "शुक्रवारपासून तिथेच पडलंय. पाहिजे तर टेन्शनला विचार."

"आणि माझं माझ्या टेबलाच्या खणात! उलट मीच सकाळी चार नंबरच्या पट्ट्याला वैतागले होते. चहाच्या आधी सुरू करायला गेले, बटण दाबलं, ढिम्म. परत दाबलं, परत ढिम्म. शेवटी बिघाड म्हणून सोडून दिलं. स्वतःच कुलूप घातलं असतं तर मी स्वतःच बटण कशाला दाबलं असतं? वेडी आहे का मी?"

"ते मी कसं सांगणार," बाबा म्हणाले, आणि भांडण पुन्हा रंगात आलं.

बबडीच्या कानात मात्र दोनच शब्द अडकून राहिले होते. चहाच्या आधी.

चहाच्या आधी बाबा शूटमध्ये होते. शूट म्हणजे पट्ट्यावरचा कोळसा खाली ओतणारी लोखंडी घसरगुंडी. तिच्या तोंडाशी, पट्ट्याच्या ऐन टोकाला, एक पत्रा वाकून अडकला होता. "दोन मिनिटांचं काम," बाबा म्हणाले होते, "यात कुलपं कसली घालतेस!" आणि कमरेपर्यंत आत शिरले होते. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसत होते आणि आतून शिव्या ऐकू येत होत्या. बबडी तिथे उभी राहून बुटांकडे बघत होती, पण लहानपणापासून कानात बसलेला फोरमनचा आवाज तिला गप्प उभं राहू देईना. ती धावत स्विचगिअरच्या, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे स्विच असलेल्या खोलीत गेली आणि चार नंबरला आपलं कुलूप घालून आली. बाबांना सांगितलं नाही, कारण ते हसले असते. काम झालं, "चल चल, चहा थंड होतोय" म्हणत बाबांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं, आणि कुलूप तिथेच राहिलं.

आत्याने बटण दोनदा दाबलं होतं.

बबडीने पाण्याचा पेला उचलला. आणि तो तोंडाला लावायच्या ऐवजी मटारांवर ओतला.

"बबडे, आत ये जरा," आई म्हणाली. "कांदा चिरून दे."

स्वयंपाकघरात कांदा नव्हता. आईने दार लोटलं आणि हात पुढे केला. "किल्ली."

"कसली किल्ली?"

"प्लँटमध्ये हे आडनाव लावणारे तिघं. दोघं नाही म्हणतात. मी शाळेत गणित शिकवते गं, मला अगदीच वजाबाकी येत नाही असं समजू नकोस." आईने आवाज खाली आणला. "हे बघ. बाबांची बॅग दाराशी आहे. किल्ली तिच्या बाहेरच्या कप्प्यात टाकायची. ते स्वतःच विसरले असं त्यांना वाटेल. ते काय काय विसरतात तुला माहितीये, मला बाजारात विसरून आलेत एकदा. त्यांना थोडी बोलणी बसतील, बस. तुझं वर्ष जायला नको."

आई कधी कोणाला लबाडी शिकवणारी नव्हती. आज ती डोळ्यांत पाणी आणून शिकवत होती, आणि बबडीला ती फार फार आवडली. बबडीने मान हलवली, किल्ली मुठीत घेतली, आणि बाहेर जाऊन बॅगेपाशी वाकली. चेनही थोडी उघडली.

तेवढ्यात आत्या खुर्ची मागे ढकलून उठली.

"चला हो," ती आतोबांना म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी मूर्ख, मी बिनडोक, आता मी खोटारडी पण! अप्पा, तुमच्या शब्दाखातर आले होते. पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही."

"अजून गोड यायचंय," आतोबा म्हणाले.

"जाऊ दे तिला," बाबा म्हणाले. त्यांचाही आवाज फाटला होता. "हिला सोडायची सवयच आहे. कुलूपही सोडलं, घरही सोड."

आत्या चपला शोधायला लागली. तिला रडू येत होतं, त्यामुळे तिने एका पायात आपली आणि दुसऱ्यात फोरमनची चप्पल घातली आणि तशीच निघाली. बबडीला ते बघवेना. तिने चेन लावली, टेबलाशी आली आणि किल्ली मिठाच्या डबीशेजारी ठेवली.

"कुलूप माझं आहे," ती म्हणाली. "मी काढायला विसरले."

आतून आईचा हुंदका ऐकू आला. आणि मग एकदम सगळे बोलायला लागले. भांडण कुठल्या कुठे गेलं. पोरीला वाचवायची म्हटल्यावर सगळे एका बाजूला! बाबा म्हणाले, ते माझं होतं म्हणून सांगतो. एका पायात फोरमनची चप्पल असलेली आत्या म्हणाली, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार, मी सांगते माझं होतं. आतोबा म्हणाले, पोरीची अक्कलदाढ दुखत होती म्हणून ती घाईने निघाली असं मी लिहून देतो, हवं तर आता लगेच एक काढतोही. बबडीने घाबरून तोंडावर हात ठेवला.

शेवटी फोरमनने विचारलं, "तू कुलूप घातलंस कशाला? शिकाऊ मुलीला पट्ट्याचं काय काम होतं?"

बबडी बाबांकडे बघत राहिली. बाबांनी नजर चुकवली. तिला सांगायचं नव्हतं, पण आता न सांगणंही तिला जमेना.

"बाबा शूटमध्ये होते," ती म्हणाली. "त्यांचं कुलूप नव्हतं."

"केव्हा?" आत्याने विचारलं.

"चहाच्या आधी."

आत्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग तो हात दुसऱ्या हातात धरला आणि हळूहळू खाली बसली, खुर्ची तिथे नव्हती तरीही. आतोबांनी तिला वेळेवर सावरत जमिनीवर बसवलं.

"मी दोनदा दाबलं, दादा," ती जमिनीवरूनच म्हणाली. "दोनदा. पट्ट्यावर माणूस असेल तर कंट्रोल रूमला फोन करायचा असतो ना? एक फोन का नाही केलास?"

बाबांनी पुढचं ताट बाजूला सारलं.

"फोन तू उचलला असतास," ते म्हणाले. "मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं."

फोरमन उठले. सगळ्यांना वाटलं, आता छत उडणार. त्यांनी मुलाच्या पुढ्यातलं गोडाचं भांडं उचललं आणि नातीपुढे ठेवलं. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"गाडी काढा, जावईबापू," ते म्हणाले.

आतोबांच्या गाडीत चौघांची जागा होती. त्यात सहा जण, फोरमनचं जुनं हेल्मेट आणि आईने बांधून घेतलेला गोडाचा डबा बसला. मागच्या सीटवर भाऊ-बहीण एकमेकांना चिकटून बसले होते. जागाच नव्हती म्हणून चिकटले होते, पण नंतर पुढे बसलेल्या फोरमनने सीट सरकवून जागा करून दिली तरी कोणी सरकलं नाही.

गेटवर पहारेकऱ्याने फोरमनना अडवलं, बाहेरच्यांना परवानगी नाही म्हणून. फोरमन त्याच्याच केबिनमध्ये बसले आणि तिथल्या आगीच्या बादलीत वाळू का नाही याची चौकशी करायला लागले. आई आणि आतोबाही तिथेच थांबले. बाकीचे तिघं आत गेले.

स्विचगिअरच्या खोलीत टेन्शन घामाने भिजून उभा होता आणि सेफ्टीचे साहेब शिट्टी हातात घेऊन. बबडीने तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले.

"साहेब, आधी माझं ऐका. इथे एक कुलूप आहे. दोन असायला हवी होती. दुसरं माझं, ते लॉकरमध्ये आहे. मी आत होतो, कंट्रोल रूमला कळवलं नव्हतं, आणि वरून पट्टा सुरू करायचा प्रयत्न झाला. हिचं कुलूप नसतं तर तुम्ही आज मला फावड्याने गोळा करत असतात."

टेन्शन भिंतीला टेकला. साहेबांनी हातातली शिट्टी सोडून दिली.

"उद्यापासून तुम्ही एकाही यंत्राला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "चौकशी होईल. ती होईपर्यंत नव्या मुलांच्या सेफ्टीच्या वर्गात बसायचं. पहिल्या बाकावर." मग ते बबडीकडे वळले. "तू. कुलूप घातलंस म्हणून शाबासकी मिळणार नाही, ते तुझं कामच होतं. किल्ली घेऊन घरी गेलीस ही चूक आहे, आणि ती तुझ्या नावावर लागेल. उरलेला आठवडा या दाराशी उभं राहायचं. आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, कुलूप कुठे आहे? मोठे साहेब आले तरी विचारायचं."

"म्हणजे मी राहू?" बबडीने विचारलं.

"दारात कोणीतरी लागेलच ना," साहेब म्हणाले. ते हसले की काय अशी शंका टेन्शनला आली, पण पुढे त्याने ते कोणाला सांगितलं तरी कोणी मानलं नाही.

बबडीने कुलूप काढलं. तिने आणि बाबांनी पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन कोणी नाही ना ते पाहिलं आणि दोघं बाहेर मोकळ्या फरशीवर येऊन थांबले. दुपारच्या पाळीची माणसंही तिथे जमली. बातमी कोळशाआधी पोचली होती. टेन्शनने वायरलेसवर सांगितलं, "कंट्रोल रूम, चार नंबर मोकळा. सुरू करा."

काही झालं नाही.

"कंट्रोल रूम, चार नंबर सुरू करा. कोळसा संपत आला."

खरं तर कंट्रोल रूममध्ये दुपारच्या पाळीचा माणूस होता. पण गेटवरून सरळ तिकडे गेलेल्या आत्याने त्याला खुर्चीतून उठवलं होतं आणि ती स्वतः बसली होती. एकाएकी प्लँटभरचे भोंगे खरखरले, आणि बॉयलरपासून गेटपर्यंत, केबिनमध्ये वाळू मागणाऱ्या फोरमनपर्यंत, सगळ्यांना तिचा आवाज ऐकू आला.

"दादा, तू कुठे आहेस?"

बाबांनी टेन्शनच्या हातातला वायरलेस घेतला. "बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"फरशीवर. खांबापाशी."

"कुठला खांब? मला दिसत नाहीस. कॅमेऱ्यासमोर ये."

बाबा कॅमेऱ्यासमोर गेले. त्यांच्या हाताखालची सगळी माणसं बघत होती.

"हात वर कर," भोंग्यातून आवाज आला. "दोन्ही."

"चिंगे, सगळे बघतायत गं."

"बघू दे. वर कर."

मेंटेनन्सचे प्रमुख, ज्यांच्या आवाजाला अख्खी पाळी टरकून असायची, ते दोन्ही हात वर करून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. कोणी हसलं नाही. बबडीने बाबांकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरून आले होते, आणि हात वर असल्यामुळे त्यांना ते पुसताही येत नव्हते.

"तसाच उभा राहा," आत्या म्हणाली. तिचा श्वास साऱ्या प्लँटला ऐकू येत होता. "खाली घेऊ नकोस हं, दादा. मी दाबतेय."